अध्यक्ष बसेनात

ही गोष्ट तुम्हाला पटणार नाही. मला तरी कुठे पटली होती? पण मी तिथे होतो, म्हणून नाइलाजाने विश्वास ठेवावा लागला. तुम्ही तिथे नव्हता, तेव्हा तुम्ही आपलं मुकाट्याने ऐकायचं.

आमचा धंदा वेताच्या खुर्च्या विणायचा. सांगाडा सुतार करतो, बैठक आम्ही विणतो. वेत पाण्यात भिजत घालायचा आणि भिजला की त्याच्या पट्ट्या सांगाड्याच्या भोकांतून ओवायच्या. आधी उभ्या, मग आडव्या, शेवटी तिरप्या. वाळलेली पट्टी मोडते, म्हणून विणणारा माणूस दोन-चार पट्ट्या कायम तोंडात धरून ठेवतो. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, सहा-सहा धरतो. तो बघा, मागे कोपऱ्यात कामाला बसलाय. या गोष्टीतला मुख्य माणूस तोच, पण त्याला काही विचारून उपयोग नाही. तोंडात वेत नसेल तेव्हा घास असतो.

ऐकायला आज तिघं आहेत. एक सुतार. हा सांगाडे द्यायला येतो आणि दुपार इथेच घालवतो. दुसरा निवृत्त पोस्टमन, ज्याला घरी कोणी बोलू देत नाही. तिसरी आमची वहिनी, दादाची बायको. ती टबापाशी बसून भिजलेल्या पट्ट्या निवडते आहे. वहिनीने ही गोष्ट आजवर शेवटपर्यंत ऐकलेली नाही, दर वेळी मध्येच उठून जाते. आज टब काठोकाठ भरलाय, त्यामुळे तिची सुटका नाही.

तर झालं असं. परदेशातल्या एका राजाच्या वाड्यातल्या दोनशे खुर्च्यांच्या बैठका फाटल्या. एकदम दोनशे कशा फाटल्या ते राजाने कळवलं नाही. त्याचे सरदार अंगाने भरलेले होते म्हणतात. आपल्याकडून सात कारागीर मागवले, त्यांत दादा. काम दोन महिन्यांचं. दुकान सांभाळायला कोणीतरी हवं म्हणून मी मागे राहिलो. कारागीर पोचले, वेत भिजत घातला, आणि तो भिजायच्या आत तिथे बंड झालं. राजा मागच्या दाराने पळाला. बंडवाले पुढच्या दाराने आत आले. त्यांच्या म्होरक्याने आपल्या सात जणांना मोठ्या दालनात कोंडलं, दारावर पहारा बसवला आणि आपल्या सरकारला निरोप धाडला, "तुमची माणसं आमच्या ताब्यात आहेत. आमच्या सगळ्या मंत्र्यांना खुर्च्या झाल्या की सोडू."

"एवढंच ना?" सुतार म्हणाला. "दोनशे खुर्च्या म्हणजे दोन महिने. ते तर आधीच ठरलं होतं."

"सगळ्यांना तसंच वाटलं. पण म्होरक्या पडला भिडस्त. बंडात ज्याने मदत केली त्याला त्याने मंत्री केलं. ज्याने केली नाही त्यालाही केलं, पुढच्या वेळी करावी म्हणून. पहिल्याच दिवशी दोनशे मंत्री झाले. त्यानंतर रोज चार. आणि आपले सात जण मिळून दिवसाला खुर्च्या विणायचे तीन."

सुताराने बोटांवर काहीतरी केलं आणि बोटं मिटून घेतली.

"मग हे संपायचं कधी?"

"संपत नाही," पोस्टमन म्हणाला. "रोज एक शिल्लक वाढते."

आता तुम्हाला कळलं असेल वहिनीचा जीव कसा टांगणीला लागला असेल ते. चौकात वर्तमानपत्राचा फलक होता, त्यावर रोज सकाळी आकडा लिहीत, शिल्लक खुर्च्या अमुक. दोनशे एक. दोनशे दोन. दोनशे तीन. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ती रोज तो आकडा वाचून यायची आणि मला म्हणायची, "भाऊजी, तिथे ते जितकं काम करतात तितके लांब चाललेत."

सातही घरांचं सांत्वन करायला खुद्द अध्यक्ष निघाले. आपले तेव्हाचे अध्यक्ष म्हणजे उंचपुरा माणूस आणि मनाने लोण्याचा. आमच्या घरी आले तेव्हा वहिनीने खुर्ची पुढे केली. दादाच्याच हातची होती. अध्यक्ष बसायला वाकले. अर्धे वाकले होते, तेवढ्यात वहिनीने विचारलं, "साहेब, आमचा माणूस कधी येणार?"

अर्धं वाकलेल्या माणसाला असा प्रश्न विचारू नये. अध्यक्षांना तिथेच भरून आलं. ते पुन्हा सरळ झाले, डोळे टिपले आणि म्हणाले, "बाई, तुमचा माणूस घरी येईपर्यंत मी बसणार नाही."

"हे खरं आहे," वहिनी टबापाशी बसूनच म्हणाली. "एवढं खरं आहे."

बघा, साक्षीदार आहे. तर, दुसरा कोणी असता तर एवढं बोलून घरी गेला असता आणि गुपचूप बसला असता. पण अध्यक्षांच्या शेजारी त्यांचे खाजगी सचिव होते. बारीक अंगाचे, कानाला पेन अडकवलेले. अध्यक्ष जे बोलत ते सचिव लिहून घेत आणि सचिव जे लिहून घेत त्याचा संध्याकाळपर्यंत हुकूम निघे. एकदा अध्यक्ष म्हणाले होते, काय उकडतंय, तर हिवाळ्याचे गणवेश रद्द झाले होते. तेव्हा हाही हुकूम निघाला. आणि आपल्याकडे जुना नियम आहे, अध्यक्ष उभे असताना कोणी बसायचं नाही. एरवी तो नियम अध्यक्ष खोलीत शिरून खुर्ची गाठेपर्यंत लागू असायचा. आता अध्यक्ष बसेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून देश उभा.

कचेऱ्या उभ्या, शाळा उभ्या, न्यायाधीश उभे. न्यायाधीशांचे पाय दुखायला लागले तसे वीस-वीस वर्षांचे खटले दुपारपर्यंत निकालात निघाले. सभागृहातली भाषणं आखडली. एक आमदार नुसतं "नको" म्हणाला आणि खाली उतरला. त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात गाजलेलं भाषण. न्हाव्याने स्वतःखाली दोन पेट्या घेतल्या आणि उंच गिऱ्हाइकांना परत पाठवलं. सायकलवाले पायडलवर उभे राहून जायचे, चढावर आणि उतारावरही. चौकात आपल्या जुन्या पुढाऱ्याचा बसलेला पुतळा आहे, त्याची मोठीच पंचाईत झाली. मूर्तिकाराला बोलावलं. तो म्हणाला, "मी याला उभा करतो, पण मांड्या आहेत तेवढ्याच आहेत, पाय मी आणू कुठून?" शेवटी गळ्यापर्यंत कापड गुंडाळलं आणि पाटी लावली, "आत उभे आहेत."

"कोंबड्यांचं सांग," पोस्टमन म्हणाला. त्याने गोष्ट आधी ऐकलेली आहे.

"कोंबड्यांना हुकूम नव्हता. पण माणसं उभी बघून त्यांनाही लाज वाटली. उभ्या उभ्या अंडी घालायला लागल्या. वरून पडून फुटायची."

"आणि तुमच्या धंद्याचं काय झालं?" सुताराने विचारलं. "कोणी बसतच नाही म्हटल्यावर खुर्ची घेणार कोण?"

"अगदी बरोबर. मी दारात हात जोडून उभा. अशात एका सकाळी सचिवांची गाडी आली. सचिव गाडीत ताठ उभे होते, टपाला भोक पाडून डोकं बाहेर काढलेलं. मला म्हणाले, अध्यक्षांच्या पोटऱ्या घागरीएवढ्या सुजल्या आहेत. बसणार तर नाहीत. तुम्ही वेताचं काहीतरी करा, ज्यावर माणूस बसत नाही."

मी विचार केला आणि पुरुषभर उंचीची एक उभी जाळी विणली. खाली दोन पाय, मागे एक टेकू. अध्यक्षांनी नुसतं टेकायचं. सचिवांनी ती सरकारी वकिलांकडे पाठवली, टेकणं हे बसणं होतं का यावर मत मागितलं. वकिलांनी तीन दिवस ग्रंथ चाळले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की आपण तीन दिवस भिंतीला टेकून वाचतोय. लगेच मत दिलं, टेकणं हे बसणं नव्हे.

मी जाळी घेऊन गेलो. अध्यक्षांच्या पाठीचं माप घ्यायचं होतं. त्यांची खोली मोठी, भिंतीवर नकाशा, टेबलावर तीन फोन आणि टेबलाशेजारी बादलीत गरम पाणी. त्यांचे दोन्ही पाय बादलीत. मी मागून माप घेतोय आणि नेमका म्होरक्याचा फोन आला. मी कानांनी ऐकलंय.

अध्यक्ष म्हणाले, "आमची माणसं सोडा."

म्होरक्या म्हणाला, "सोडणारच आहे हो. खुर्च्या होऊ द्या."

"मग मंत्री करणं थांबवा."

"कसं थांबवू? माणूस समोर येऊन उभा राहिला की तोंडावर नाही म्हणवत नाही."

"आज किती शिल्लक आहेत?"

"सकाळी दोनशे सतरा होते. तुमच्याशी बोलताना एक जण आत येऊन गेला. दोनशे अठरा धरा."

अध्यक्षांनी डोळे मिटले. "तुम्ही बसून बोलताय का?"

"हो. का?"

"मी उभा आहे."

"अरेरे," म्होरक्या म्हणाला. "पाठीचं काही आहे का? आमच्याकडे चांगलं तेल मिळतं."

त्यानंतर सेनापती आले. म्हणाले, हुकूम द्या, दोन दिवसांत माणसं सोडवून आणतो. अध्यक्षांनी विचारलं, सैनिक विमानात बसणार की उभे राहणार? सेनापतींनी टाचा जुळवल्या, सलाम केला आणि परत गेले.

मग परराष्ट्रमंत्र्यांना बोटीने पाठवलं. बिचारे अकरा दिवस डेकवर दोराला धरून उभे. तिथे पोचले तेव्हा त्यांना पाय आहेत हे त्यांना आठवत नव्हतं. म्होरक्या भिडस्तच, त्याने आपुलकीने खुर्ची पुढे सरकवली, बसा म्हणाला. परराष्ट्रमंत्री बसले. बसले ते बसलेच. तास झाला, दोन झाले, दिवस गेला, माणूस उठेना. खुर्चीचे हात असे धरलेले. म्होरक्या म्हणाला, असा चिकाटीचा माणूस आमच्याकडे हवा, आणि त्यांना मंत्री करून टाकलं.

"म्हणजे अजून एक खुर्ची," सुतार म्हणाला.

"त्या दिवशी फलकावरचा आकडा दोनने वाढला. वहिनीच्या लगेच लक्षात आलं. ती फलकापाशी उभी राहिली ती घरीच येईना. तिला मी सांगितलं, चूक झाली असेल लिहिणाऱ्याची. ती म्हणाली, भाऊजी, चूक कधी कमी लिहिण्यात का होत नाही?"

वहिनीने टबातली पट्टी उचलली, बोटांत वाकवून पाहिली आणि बाजूला ठेवली. दादा मागे विणत होता. आडव्या पट्ट्या चालल्या होत्या, नुसता सरसर आवाज.

हे अध्यक्षांच्या कानावर गेलं. कोणी घातलं ते मी सांगत नाही, मोठेपणा नको. अध्यक्ष म्हणाले, "बस्स. मी स्वतः जातो." सचिवांनी लिहून घेतलं. मग अध्यक्ष माझ्याकडे बघून म्हणाले, "जाळी घेऊन तुम्हीही चला." तेही लिहून घेतलं. आता माझा इलाज नव्हता.

चार दिवस ट्रकमधून गेलो. उघडा ट्रक, पुढच्या दांड्याला धरून अध्यक्ष, त्यांच्या पाठीला जाळी, जाळीच्या पाठीला मी. घाटात वळण आलं की आम्ही तिघंही झुकायचो. वाटेत गावोगावचे लोक हात हलवायचे, त्यांना वाटायचं काहीतरी मोठी वस्तू पोचवायला चाललेत.

बंडापासून सेहेचाळिसाव्या दिवशी राजवाड्यात पोचलो. आत काय पाहावं? तीनशे पंच्याऐंशी मंत्री आणि तयार खुर्च्या एकशे अडतीस. बाकीचे पाळीपाळीने बसायचे. ज्याची पाळी आली तो डोळे मिटून बसायचा आणि ज्याची संपली तो रडायचा. कामकाज म्हणून एवढंच. बंद दालनाच्या दाराआडून वेत ओढल्याचा आवाज येत होता. मी ओळखला. सात जणांत दादाचा हात वेगळा कळतो.

म्होरक्या लगबगीने पुढे आला. "या, या. बसा."

"बसत नाही," अध्यक्ष म्हणाले.

"घोटभर चहा तरी?"

"उभ्यानेच घेईन."

आता गंमत अशी, की पाहुणा उभा असताना यजमानाने बसायचं नाही हा नियम त्यांच्याकडेही आहे. म्होरक्या मंत्र्यांकडे वळून म्हणाला, "उठा रे. पाहुणे उभे आहेत." तीनशे पंच्याऐंशी माणसं उठली. परराष्ट्रमंत्र्यांना चौघांनी ओढून काढलं.

पहिल्या दिवशी सगळे हसतखेळत होते. पाहुणा म्हातारा, पाय सुजलेले, संध्याकाळपर्यंत टेकेल खुर्चीला. पण अध्यक्षांना चाळीसएक दिवसांची सवय, वर पाठीला माझी जाळी. ते भिंतीवरच्या नकाशासारखे उभे. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मंत्री म्होरक्याच्या कानाला लागला, "पाहुणे जाणार कधी?" म्होरक्याने भिडेपोटी विचारलं नाही. दुपारी तोच मंत्री म्हणाला, "बसायला मिळणार नसेल तर मी मंत्री कशाला झालो? घरी माझं बाकडं आहे." आणि गेला. त्याच्या मागून आठ गेले. मग वीस. मग दारात गर्दी. तिसऱ्या दिवशी दुपारी दालनात खुर्च्याच खुर्च्या, आणि माणूस म्हणाल तर एकटा म्होरक्या, एका पायावरून दुसऱ्या पायावर.

"आणि परराष्ट्रमंत्री?" पोस्टमनने विचारलं.

"ते सगळ्यात आधी."

अध्यक्ष म्हणाले, "तुमच्या सगळ्या मंत्र्यांना खुर्च्या झाल्या?"

म्होरक्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "झाल्या म्हणायच्या."

"मग आमची माणसं?"

म्होरक्याने स्वतः कुलूप काढलं. दार उघडलं. सहा जण डोळ्यांवर हात धरून बाहेर आले. सातवा येईना. घरी वहिनीला काय सांगू? धावत आत गेलो, तर दादा जमिनीवर बसलेला, पुढ्यात अर्धी विणलेली खुर्ची, तोंडात सहा पट्ट्या. मी म्हटलं, "दादा, ऊठ, सुटलास." त्याने मान हलवली. मी म्हटलं, "अरे अध्यक्ष आलेत." त्याने तिरपी पट्टी ओवली आणि खालच्या अंगाला बोट दाखवलं, खालून ओढ म्हणून. तुम्हाला माहीत आहे, अर्धी बैठक सोडून उठलं की वेत वाळतो, जाळी ढिली पडते, आधीचंही सगळं फुकट जातं. दादा कोणाचीही अर्धी बैठक सोडत नाही. ती शत्रूची का असेना.

मी अध्यक्षांना सांगितलं, "साहेब, थोडं काम राहिलंय."

"किती?"

"उद्या दुपारपर्यंत."

अध्यक्षांनी आपल्या पायांकडे पाहिलं. माझ्या जाळीला टेकले. म्हणाले, "होऊ द्या."

सचिव असते तर लिहून घेतलं असतं. मग दादा वरून ओवतोय, मी खालून ओढतोय, अध्यक्ष उभे, म्होरक्या उभा, ते सहा जण उभे. दुसऱ्या दिवशी दुपारी दादाने शेवटची खुंटी ठोकली, बैठकीवर ओला हात फिरवला, तोंडातली उरलेली पट्टी काढली आणि उभ्या जन्मात परक्या माणसाशी पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "बसा, साहेब."

"घरी येईपर्यंत बसायचं नव्हतं ना?" सुतार म्हणाला.

"त्यावर वकिलांचं मत नंतर घेतलं. कारागीर जिथे बसा म्हणतो ते त्याचंच घर. मध्ये बोलू नकोस. अध्यक्ष वळले. दोन्ही हात मागे नेऊन चाचपडले, कारण कसं बसायचं ते विसरले होते. मी एक कोपर धरलं, दादाने दुसरं. आणि बसले. आणि काय सांगू तुम्हाला, त्याच क्षणी इथे, चार दिवसांच्या वाटेवर, सगळा देश एकदम बसला. तो आवाज मी तिथे माझ्या या कानांनी..."

"भाऊजी," वहिनी म्हणाली.

"काय वहिनी?"

"तुम्ही गावाची वेससुद्धा ओलांडली नव्हती. एक्कावन्न दिवस माझ्या दारात बसून होतात. मी म्हटलं, उठा, हुकूम आहे, शिपाई धरून नेईल. तर म्हणालात, दादा आल्याशिवाय उठणार नाही. सगळे उभे आणि तुम्ही तेवढे उंबऱ्यावर फतकल मारून. हे आले तेव्हा तुमचे पाय असे आखडले होते, की आधी तुम्हाला उचलून बाजूला ठेवलं, तेव्हा कुठे यांना आत येता आलं."